साडूंचं जास्तीचं तिकीट

रागावता येण्यासारख्या जेवढ्या म्हणून गोष्टी या जगात आहेत, त्या सगळ्यांवर एकट्याने रागावण्याचं कंत्राट आमच्या साडूंनी घेतलेलं आहे, आणि त्या कामात त्यांनी आजवर एक दिवस सुट्टी घेतलेली नाही. बाकीचे लोक सकाळी उठून चहा घेतात, हे वर्तमानपत्र घेतात, आणि पहिल्याच बातमीला "हे बघा, हे बघा हरामखोर!" असा जो आवाज देतात, त्याने खालच्या मजल्यावरच्यांना उजाडल्याचं कळतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. मूळचे कराडकडचे, राहायला खारघरला आणि धंदा कळंबोलीच्या लोखंड बाजारात. सळया, अँगल, पत्रे विकतात. मला ते 'साडूभाऊ' म्हणतात, पण त्यांच्या तोंडी तो शब्दसुद्धा तंबी दिल्यासारखा ऐकू येतो. मीही काही थंड डोक्याचा माणूस नाही. बँकेतल्या नोकरीत मी दोन मॅनेजरांशी भांडून बदल्या ओढवून घेतल्या आहेत. पण साडूंच्या शेजारी उभा राहिलो की लोक मला शांत स्वभावाचा समजतात, तेवढाच मला त्यांचा उपयोग.

त्यांच्या रागाचं मुख्य दैवत म्हणजे छापील किंमत. वस्तूवर जी किंमत छापली आहे ती द्यायची आणि तीच घ्यायची, याबाहेर त्यांना धर्म माहीत नाही. एकदा आम्ही सगळे पुण्याला निघालो होतो. द्रुतगती मार्गावरच्या एका थांब्यावर पाण्याच्या बाटलीचे दहा रुपये जास्त मागितले, तर साडूंनी ती बाटली दुकानदाराच्या नाकासमोर धरली. "काय लिवलंय? वाच. मोठ्यानं वाच!" दुकानदाराने वाचलं नाही आणि साडूंनी पाणी घेतलं नाही. घसा कोरडा पडलेले आम्ही पाच जण लोणावळा येईपर्यंत एकमेकांकडे खुनशी नजरेने बघत बसलो होतो. तेव्हापासून अक्का शेजारच्या गल्लीत जातानाही घरून पाण्याची बाटली नेतात.

मी एकदा त्यांना डिवचलं होतं. म्हटलं, "दादा, तुम्ही तरी काय करता? घेता त्यापेक्षा जास्तीलाच विकता की." वास्तविक त्या वेळी ते जेवत होते आणि पानात पुरणपोळी होती. पोळी तशीच टाकून त्यांनी माझ्यावर तोफ डागली. "सळई मी आणतो साडूभाऊ! उन्हात ती तापते, पावसात गंजते, उतरवताना माणसाच्या पायावर पडते. गिऱ्हाईक म्हणेल त्या काट्यावर वजन करून देतो. भाव पडला तर बोंब माझी. आनि तो तिकिटाचा काळाबाजारवाला? खुर्ची जागची हलवली का त्यानं? तिला साधं फडकं मारलं का? दुसऱ्याला बसवायचे पैसे नाय घेत तो. दुसऱ्याला बसू न द्यायचे पैसे घेतो!" त्यांचं म्हणणं मला पटलं. राग मात्र आला, कारण बरोबर बोलणाऱ्या माणसाने इतकं ओरडू नये असं मला वाटतं.

तिकिटांचा विषय निघाला, कारण साडूंना नाटकाचं वेड. वाशीच्या नाट्यगृहात नाटक लागलं की हे तीन तिकिटं काढणार: एक स्वतःचं, एक मुक्ताचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, आणि एक अक्कांचं. अक्का कधीही जात नाहीत. ऐन वेळी त्यांचं डोकं दुखतं. गेली कित्येक वर्षं ते डोकं फक्त नाटकाच्या दिवशीच दुखतं हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण साडू दर वेळी तिसरं तिकीट काढायचे आणि दर वेळी ते जास्तीचं तिकीट घेऊन नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर उभे राहायचे. ते घ्यायला येणाऱ्याची मुलाखत व्हायची. मोबाईल बंद ठेवता का? नाटक चालू असताना पुढचं वाक्य आधीच सांगता का? पिशवीत चिवडा आहे का? छोट्या मुक्ताचं काम त्या माणसाच्या पिशवीचा वास घेऊन बापाला खूण करण्याचं. एकदा प्रयोग भरलेला होता, तेव्हा सफारीतल्या एका गृहस्थांनी तिकिटाचे दुप्पट पैसे पुढे केले. साडूंनी ते तिकीट त्यांच्यासमोर एका कॉलेजच्या पोराला छापील किमतीत दिलं आणि गृहस्थांना म्हणाले, "आवो, हा मानूस आता तीन तास माझ्या शेजारी बसनार. ज्याच्या खिशात हात घातला त्याच्या खांद्याला खांदा लावून बसायचं कसं?"

तर अशा बापाची ही मुलगी. बापाचं नाक आणि बापाचंच डोकं. मागच्या वर्षी तिला परदेशात शिकायला प्रवेश मिळाला. जाण्याआधीच्या महिन्यात आमच्या नेरूळच्या स्टेडियममध्ये तिच्या आवडत्या गायकाचा कार्यक्रम ठरला. मुक्ता बापाला म्हणाली, "बाबा, एवढी वर्षं तुम्ही मला नाटकाला नेलंत. आता मी तुम्हाला नेणार. आपण दोघंच." साडूंच्या मते तो गायक गात नाही, त्याच्या मागची यंत्रं गातात आणि तो मध्येमध्ये उड्या मारतो. पण "आपण दोघंच" हे त्यांनी अक्कांना, मला, गोदामातल्या हमालांना आणि सोसायटीच्या वॉचमनलाही सांगितलं. नवा शर्ट शिवायला टाकला. जन्मात पहिल्यांदा साडू कशाबद्दल तरी रागावलेले नव्हते.

तिकिटं निघायची मोबाईलवरून. ठरलेल्या वेळी साडूंनी गोदाम बंद केलं, मुनीम, क्रेनवाला, हमाल, काट्यावरचा माणूस अशा सगळ्यांना सळयांच्या ढिगावर बसवलं आणि प्रत्येकाला आपापल्या मोबाईलवरून दोन-दोन तिकिटं काढायला सांगितलं. पापणी लवायच्या आत सगळी तिकिटं संपली. मुनीम आणि क्रेनवाला यांना मात्र दोन-दोन मिळाली. दोन हवी होती, चार झाली. आणि पुढच्या अर्ध्या तासात तीच तिकिटं मोबाईलवर दुसऱ्या ठिकाणी पाचपट, सहापट भावाने दिसायला लागली. ज्यांना गाण्याशी, गायकाशी, खुर्चीशी काही देणंघेणं नाही असे लोक घरात पंख्याखाली बसून, केवळ बोटं चपळ म्हणून पोराबाळांच्या हौसेवर जकात वसूल करत होते. ते बघून माझंसुद्धा डोकं फिरलं. मुनीम बिचारा म्हणाला, "शेठ, दोन जास्तीची आहेत, आपणही भाव बघून सोडू, ताईच्या विमानाचं भाडं निघेल." त्यानंतर मुनीम दोन दिवस कामावर आला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी साडूंनी मला बोलावून घेतलं. मला तिकीट नव्हतं आणि नकोही होतं. पण मी स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो आणि दोन तिकिटं 'योग्य माणसाला' देईपर्यंत कुणीतरी सोबत हवं होतं. मोबाईलमधलं तिकीट त्यांना तिकीट वाटत नाही, म्हणून चारही तिकिटं त्यांनी कागदावर छापून घेतली होती. फाटकाबाहेर नवा शर्ट घालून, कागद फडकावत ते ओरडायला लागले, "छापील भाव! छापील भाव!" बाजूला मुक्ता लाजेने लाल होऊन उभी होती, पण हसत होती. एक पोरगा जवळजवळ रडवेला होऊन आला. साडूंनी मुलाखत घेतली, पोरगा पास झाला, तिकीट घेऊन गेला. आणि आमच्या डोळ्यांदेखत, फाटकाकडे न जाता, रस्त्यापलीकडे जाऊन त्याने ते चौपट भावाने विकलं.

साडू धावले. मीही धावलो, कारण मला त्या पोराची कॉलर धरायची होती. पोरगा अजिबात घाबरला नाही. "काका, तुम्ही मला विकलं, माझं झालं. आता मी काय पण करीन. तुमच्या पोटात का दुखतंय?" साडूंचा आवाज पार पामबीच रस्त्याच्या सिग्नलपर्यंत गेला असेल. गर्दी जमली, हवालदार आला आणि त्याने नेमका साडूंचा दंड धरला. "बाजूला या काका. ब्लॅक करताय काय?" मी पुढे होऊन सांगितलं की हे छापील किमतीत विकत आहेत. हवालदाराने आमच्या दोघांकडे संशयाने बघितलं. "छापील भावात? मग तर पक्का लोचा आहे." या देशात चोरी समजून घेतात, पण प्रामाणिकपणाचा खुलासा द्यावा लागतो, या विचाराने माझ्या अंगाची लाही लाही झाली. मुक्ताने मुनीम आणि क्रेनवाल्याने पाठवलेला पैसे दिल्याचा पुरावा मोबाईलवर दाखवला तेव्हा कुठे साडूंचा दंड सुटला.

या सगळ्यात कार्यक्रमाची वेळ होत आली. दोघं रांगेत लागले, मी निरोप द्यायला बाजूने चालत होतो. त्यांच्या पुढे दोन बहिणी होत्या, विट्याहून रात्रीची गाडी धरून आलेल्या. फाटकावरच्या माणसाने त्यांच्या तिकिटावर यंत्र धरलं आणि मान हलवली. त्याच तिकिटावर आधीच दोघं आत गेले होते. कुणीतरी एकच तिकीट चार जणांना विकलं होतं, आणि तेही चढ्या भावाने. धाकटी मटकन खाली बसली. थोरली साडूंच्या हातातले कागद बघून म्हणाली, "काका, तुमच्याकडं हायेत का ओ? जास्त देतो आमी, पन द्या."

"जास्त?" साडू एवढे ओरडले की फाटकावरच्या माणसाचं यंत्र खाली पडलं. "पुन्यांदा जास्त म्हनालीस तर बघ!" त्यांच्याकडे जास्तीचं एकच तिकीट उरलं होतं. ते त्यांनी थोरलीला दिलं. मग धाकटीकडे बघितलं. मला कळलं ते काय करणार, आणि मी त्यांची बाही धरली. त्यांनी झटका देऊन बाही सोडवली आणि स्वतःचं तिकीट त्या पोरीच्या हातात ठेवलं. दोन्ही तिकिटांची छापील किंमत घेतली. एक रुपया कमी नाही की जास्त नाही.

मुक्ता रांगेतून बाजूला झाली. मग म्हणाली, "बाबा, मला हे गाणं नव्हतं ऐकायचं. ते मी रोज ऐकते. मला तुमच्या शेजारी बसायचं होतं." ती परत फिरायला लागली, तर हे म्हणतात, "खुर्ची रिकामी ठेवनार? चार मानसं बाहेर रडत असताना?" ती डोळे पुसत आत गेली. मागे वळून बघितलं नाही.

आम्ही भिंतीबाहेर फुटपाथवर बसलो. आत ढोल सुरू झाले होते. मी आयुष्यात साडूंवर आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. म्हटलं, "दुनियेचा न्याय तुम्ही करता आणि बिल पोरीच्या नावावर फाडता! जगातल्या चोरांचा दंड तिनेच का भरायचा?" ते म्हणाले, "त्या पोरींना परत धाडून मला आत बसवलं नसतं. मुक्ता घेईल समजून."

"घेईल. म्हणूनच प्रत्येक वेळी तिलाच समजून घ्यायला लावता."

यावर ते ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. ते ओरडले नाहीत. नव्या शर्टाची मुडपलेली बाही सरळ करत राहिले, आणि आतून एखादं गाणं ऐकू आलं की मान जरा त्या बाजूला करत. तेव्हा कळलं की गाणी त्यांनी घरी ऐकून पाठ केली होती.

मुक्ता गेली. विमानतळावर वाकून नमस्कार केला, नीट बोलली, पण नाटकाचं नाव काढलं नाही. साडूंचं रागावणं तसंच चालू आहे, मात्र पूर्वीसारखी त्यात मजा राहिलेली नाही. हल्ली ते रागावून झाल्यावर दमतात. वाशीला अजून जातात. आता दोन तिकिटं काढतात, अक्कांचं डोकं वेळेवर दुखतं, आणि पायऱ्यांवर उभं राहण्याऐवजी मला फोन येतो. "साडूभाऊ, एक जास्तीचं हाय." मी जातो. माझ्याकडूनही छापील किंमत घेतात.

परवा असेच बसलो होतो. तिसरी घंटा झाली, आणि माझ्या लक्षात आलं की माझा मोबाईल बंद करून घेणाऱ्या साडूंचा स्वतःचा मोबाईल चालू आहे, मांडीवर उताणा ठेवलेला. पूर्वी याच नाट्यगृहात मोबाईल वाजला म्हणून त्यांनी एका डॉक्टरला उठून बाहेर जायला लावलं होतं. पहिल्या अंकाच्या मध्यावर तो उजळला. साडू वाकून, लोकांचे पाय तुडवत, "माफ करा, माफ करा" म्हणत बाहेर गेले. हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. बऱ्याच वेळाने परत आले.

"काय म्हणते मुक्ता?" मी विचारलं.

"भांडली," ते कुजबुजले. "तिथं कोनतरी रांगेत तिकिटं जादा भावानं विकत हुता. त्याला पार फाटकाबाहेर घालवून आली म्हने." अंधारातही मला त्यांची छाती फुगलेली जाणवली. मग थोडा वेळ ते नाटक बघत राहिले. समोर धमाल चालली होती, सगळं नाट्यगृह हसत होतं.

"सुट्टीला येनार हाय," ते हळूच म्हणाले. "म्हनली, बाबा, नाटकाची दोनच तिकिटं काढा. जास्तीचं काढू नका."

त्यांनी खिशातून रुमाल काढला. मी समोर रंगमंचाकडे बघत राहिलो, पण पुढे नाटकात काय झालं ते मला विचाराल तर सांगता येणार नाही.