होडीत हुकूम कुणाचा

आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या नासला राहायला आल्यावर सुरुवातीची काही वर्षं मला काम करायची परवानगी नव्हती. नवरा जवळच्याच टॅला गावच्या हॉस्पिटलात नोकरीला आणि मी त्याच्या व्हिसावर. पुण्यात आठ वर्षं भूगोल शिकवला होता, त्यामुळे नुसतं घरात बसवेना. मग दर मंगळवारी सकाळी लायब्ररीत जाऊन परदेशातून आलेल्या लोकांना अर्ज आणि पत्रं इंग्रजीत लिहून द्यायला लागले. दोन हजार नऊ साल होतं, बांधकामं धडाधड बंद पडत होती, आणि माझ्या टेबलासमोर रांग असायची.

त्या रांगेतून तो आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, बाल्टिक समुद्राकाठच्या एका चिमुकल्या देशातला. विटा रचायचं त्याचं काम नुकतंच सुटलं होतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका केंद्रात मच्छीमारांना समुद्रात जीव कसा वाचवायचा ते शिकवत, तिथे शिक्षकाची जागा निघाली होती. पूर्वी कुठे, काय आणि कसं शिकवलंत ते दोन पानांत लिहून पाठवा, असं त्यांनी कळवलं होतं.

"मी समुद्राचं पायदळ होतो," तो म्हणाला.

मी लिहिलं, नौदल. त्यानं मान हलवली. मी खोडून लिहिलं, सैन्य. त्यानं पुन्हा मान हलवली.

"दोन्ही नाही," तो म्हणाला. "मधलं."

हे मधलं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं नाही. तो म्हणाला, "माझी कंपनी होती, नव्वद माणसं." मी अर्धं पान भरून त्याच्या धंद्याबद्दल लिहिलं, मग कळलं की कंपनी म्हणजे सैनिकांची तुकडी. त्या कंपनीत तीन प्लाटून. मला वाटलं, प्लाटून म्हणजे आपली शेकडो माणसांची पलटण, तर नव्वद माणसांत तीन पलटणी कशा मावतील? घरी नवऱ्याला सांगितलं की तो सार्जंट, म्हणजे आपल्याकडचा हवालदार होता, तर नवरा म्हणाला, "पोलिसात?" मी म्हटलं, सैन्यातला हवालदार. तो म्हणाला, "मग समुद्र कुठून आला?"

तीन मंगळवार गेल्यावर थोडं चित्र उभं राहिलं. त्याचा देश नवा स्वतंत्र झालेला. किनारा लांबलचक, जहाजं बोटांवर मोजण्याइतकी. समुद्रातून येऊन किनाऱ्यावर उतरू शकेल असं पायदळ हवं, असं कुणीतरी ठरवलं. मग अर्धी माणसं सैन्याकडून घेतली, अर्धी नौदलाकडून. तो सैन्यातून आलेला. नौदलवाल्यांनी सैन्यवाल्यांना गाठी, वल्ही आणि लाटा शिकवल्या. त्यांनी नौदलवाल्यांना रांगणं, खंदक आणि नकाशा. जेवायला दोघं वेगवेगळ्या टेबलांवर बसायचे. शिकवायला स्वतःचं जहाज नव्हतं, पाच रबरी होड्या होत्या.

"हुकूम कोण द्यायचं?" मी विचारलं. पानावर ते यायला हवं होतं.

"जहाजावर कप्तान. किनाऱ्यावर आमचा अधिकारी."

"आणि होडीत?"

तो म्हणाला, "सुकाणूवरचा नाविक." मी तसं लिहिलं. पुढच्या मंगळवारी मी वाचून दाखवलं तेव्हा म्हणाला, "नाही. आमचा अधिकारी." मी बदललं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणाला, नाविक. मला वाटलं, माझं इंग्रजी त्याला कळत नाही, किंवा त्याचं मला. शेजारच्या काउंटरवरच्या लायब्ररीवाल्या बाई म्हणाल्या, "यू आर ग्रँड, काही बिघडलं नाही, सावकाश होऊ द्या." पण अर्जाची मुदत जवळ आली होती.

त्याच सुमारास सासरे तीन महिन्यांसाठी आले. ते वेंगुर्ल्याकडचे. तरुणपणी खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे, मग बंदर खात्यात लागले. जेवताना मी हा घोळ त्यांना सांगितला. त्यांनी भात कालवता कालवता उत्तर दिलं.

"त्यात विचारूचा काय आसा? व्हडयेत मालक एकच. सुकाणू ज्येच्या हातात, तो."

"बाबा, पण त्याच्याकडे सैन्य होतं."

"लाटेक काय म्हायती, सैन्य आसा म्हणान?"

पुढच्या मंगळवारी ते माझ्याबरोबर लायब्ररीत आले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण हे होडी चालवायचे एवढं मी सांगताच तो उठून उभा राहिला आणि सासऱ्यांचे तळवे उलटून घट्टे बघायला लागला. मग आम्हाला कालव्याच्या काठावर घेऊन गेला. तिथल्या गवतावर त्यानं काठीनं होडीचा आकार आखला आणि आम्हाला त्यात बसवलं. मी डावीकडे तिसरी, सासरे सुकाणूवर, आणि त्यानं हात वर केला की उडी मारून उतरायचं. पाच मिनिटांत मी दोनदा चुकीच्या बाजूला उडी मारली. सकाळी कुत्री फिरवायला आलेली माणसं थांबून बघत होती, आणि मला फार संकोच वाटत होता.

दुसऱ्यांदा उडी मारून मी आखलेल्या होडीच्या पुढे उभी राहिले, तसा तो ओरडला, "तिथे नको. कधीच नको." त्याच क्षणी सासरेही ओरडले, "भायर हो गो, बाजूक हो."

मी बाजूला झाले. दोघांचं एकच म्हणणं होतं: होडी आणि किनारा यांच्या मध्ये उभं राहायचं नाही. मागून लाट आली की होडीच अंगावर येते. त्याचं इंग्रजी मी सासऱ्यांना सांगितलं, त्यांची मालवणी त्याला. तो गवतावर बसला.

मग त्यानं सांगितलं ते मी इथे जमेल तसं लिहिते.

सराव होता. वारा वाढला होता. त्याच्या होडीत सहा शिपाई, सुकाणूवर नौदलाचा एक नाविक. नाविक म्हणाला, तीन लाटा जाऊ द्या. किनाऱ्यावरून अधिकाऱ्याचा रेडिओवर हुकूम आला, आत्ता या. दोघंही याच्याकडे बघायला लागले, असं तो म्हणाला. अधिकारी तर किनाऱ्यावर होता, तरी दोघंही, असंच म्हणाला. यानं नाविकाला सांगितलं, चल. होडी आडवी झाली, एक नवा शिपाई पुढून खाली पडला, आणि पुढच्या लाटेनं होडी त्याच्यावर ढकलली. तो गेला.

बरोबर आणलेल्या फायलीतून त्यानं दोन कागद काढले. एक नौदलाच्या नियमांचा, एक सैन्याच्या. दोन्हीवर त्यांच्या समुद्री पायदळ दलाचाच शिक्का. त्यानं भाषांतर करून सांगितलं: एकात लिहिलं होतं, जमिनीला टेकेपर्यंत होडी नाविकाच्या ताब्यात. दुसऱ्यात होतं, होडीत बसल्यापासून तुकडी तिच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात. चौकशीत दोन्ही कागद बरोबर ठरले. कुणालाच शिक्षा झाली नाही. वर्षभरानं दल मोडून माणसं आपापल्या जागी परत पाठवली, आणि यानं नोकरी सोडली.

"आता तुम्ही सांगा," तो मला म्हणाला. "दोन पानांत काय लिहायचं?"

अपघाताचं लिहिलं तर ही नोकरी हातची जाईल असं मला वाटत होतं. नाही लिहिलं तर बाकीचं सगळं, कंपनी, प्लाटून, होड्या, कशाला लिहायचं तेही कळत नव्हतं. सासऱ्यांनी विचारलं, काय म्हणता तो? मी सांगितलं. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "मेलेल्या माणसाक गाळून शिकवता येयत काय?" मी याचं भाषांतर नीट केलं की नाही, अजूनही खात्री नाही.

आम्ही ते लिहिलं. चार वाक्यं, दुसऱ्या पानावर. त्यात दोष कुणाचा हे लिहिलं नाही, कारण आम्हा तिघांनाही ते ठरवता आलं नाही. त्यानं सही केली, पाकीट बंद केलं, आणि पुढच्या मंगळवारी आला नाही.

सहा आठवड्यांनी लायब्ररीत त्याचा फोन आला. मुलाखतीत त्यांनी फार काही विचारलं नव्हतं. एका बाईंनी फक्त ती चार वाक्यं मोठ्यानं वाचली आणि विचारलं, आज तसंच झालं तर तुम्ही कुणाचं ऐकाल? तो म्हणाला होता, माहीत नाही, पण मी होडीत बसण्याआधी विचारून घेईन. त्याला जागा मिळाली होती.

"त्यांनी मला का घेतलं, मला कळत नाही," तो म्हणाला.

मलाही कळत नव्हतं, आणि मी त्याला तसं सांगितलं. तो हसला, पत्ता दिला, एकदा येऊन जा म्हणाला. दोन वर्षांनी आम्ही त्या बाजूला गेलो तेव्हा केंद्राला सुट्टी होती. फाटकापाशी पाण्यात तरंगवणारे नारिंगी कोट वाळत घातले होते, आणि आत कुणी नव्हतं. आम्ही थोडा वेळ थांबून निघालो.