उत्तमचा मावसभाऊ

फोन आला तेव्हा मी चिकलठाण्याच्या एका बंद कारखान्यात जुन्या लेथ मशीनचा भाव पाडत उभा होतो. फोन उत्तमच्या बायकोचा होता. "भावजी, हे गेले… सकाळी झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी फोन खिशात ठेवला आणि दाराकडं चालायला लागलो. मशीनच्या मालकाला वाटलं, मी सौदा मोडून निघालो. "बरं, तुम्ही म्हणाल तसं, पण बसा तर!" तो मागून ओरडला. जन्मभर समोरच्याला खाली आणण्याचा धंदा केला, आणि त्या दिवशी एकजण न मागता खाली आला तर मला त्याचं काहीच वाटलं नाही. ज्याला खाली आणायचं राहिलं होतं, तो निघून गेला होता.

आमची ओळख झाली ती बारावीनंतर, कॉलेजच्या वसतिगृहाच्या यादीसमोर. फलकावर एकच कागद आणि त्याच्यासमोर ही गर्दी. मी यादी खालून वर वाचत होतो, तो वरून खाली. मध्येच कुठंतरी आमची बोटं एका ओळीवर आली. "तुझं हाय का?" त्यानं विचारलं. "नाय. तुझं?" "माझंबी नाय." मग आम्ही दोघं हसलो आणि बाहेर येऊन एका चहात दोन कप केले. माझे वडील चितेगावकडच्या एका खेड्यात गवंडीकाम करायचे, आम्ही बौद्ध. उत्तम त्याच रस्त्यावरच्या पुढच्या गावचा, मराठ्याच्या बागायतदार घरातला. दोघांनाही शहरात कुणी ओळखीचं नव्हतं, आणि कॉलेज आठ दिवसांवर आलं होतं.

खोली शोधायला दोघं बरोबरच फिरलो. बोलणी माझ्याकडं. आधी तोंड वाकडं करायचं, ओल धरलेली भिंत दाखवायची आणि मगच बसून बोलायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. भाडं उतरायचं, दुसरी खाट मिळायची, सकाळी नळाची पाळीसुद्धा ठरायची. आणि चहा संपता संपता प्रश्न यायचा, "तुमचं आडनाव काय म्हणालात?" ते सांगितलं की त्या घरात एकदम गावाकडचे पाहुणे राहायला यायचे असायचे, नाहीतर मुलीचं लग्न निघायचं. तीन घरं अशी गेली. चौथ्या दिवशी पडेगावच्या रस्त्याला उत्तम मला म्हणाला, "अशोक्या, तू लई भांडतोस. आज तू टपरीवर बस, मी एकटा बघून येतो." तासाभरानं तो किल्ली नाचवत आला. मी त्याला विचारलं नाही, की त्यांनी आडनावं विचारली का, आणि तू काय सांगितलंस. पुढच्या आयुष्यात मी मशीनचा नट उघडून बघितल्याशिवाय कधी मशीन घेतलं नाही. पण त्या दिवशी मी विचारलं नाही.

खोली चांगली होती. गच्चीवरची, दोन खाटांची, एका खिडकीची. मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणायचो. जीव लावणारी बाई. सणाला दोन ताटं वर पाठवायची, "दोघं भाऊ जेवून घ्या रे," म्हणायची. मला वाटायचं, माया आहे. उत्तम पहाटे उठून दोघांच्या बादल्या भरून आणायचा, स्वतःचा अभ्यास मोठ्यानं वाचायचा म्हणजे माझाही व्हायचा, आणि घरून डबा आला की माझ्या पुढ्यात आधी सरकवायचा. वडिलांनी मला निघताना बुद्धाची एक छोटी तसबीर दिली होती. पहिल्याच दिवशी मी ती बाहेर काढली, तर उत्तम घाईनं म्हणाला, "काकू भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत रे." तसबीर परत ट्रंकेत गेली. एप्रिलमध्ये जयंतीला मी गावी गेलो, तर यानं काकूंना सांगितलं, मावशीला बरं नाही म्हणून गेलाय. हे मला नंतर कळलं.

परीक्षेच्या आधी वडील भेटायला आले. डोक्याला रुमाल, हातात भाकरीचं गाठोडं. मी जिना उतरून खाली आलो, तोवर काकूंनी त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिलं होतं. "या, या. म्हणजे तुम्ही उत्तमच्या मावशीचे मालक!" काकू कौतुकानं म्हणाल्या. "मावसभाऊ असावेत तर असे. सख्ख्यांना त्यांची सर येणार नाही."

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या बापानं भर बाजारात, कामावर, सरपंचाच्या दारात, कुणालाही छातीवर हात ठेवून जयभीमच घातलेला मी लहानपणापासून पाहत आलो होतो. त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "व्हय."

वर आल्यावर ते खाटेवर टेकले नाहीत. चारी भिंती बघितल्या. "तसबीर कुठं हाय?" मी सांगितलं, खिळा ठोकू देत नाहीत. त्यांनी बोटाच्या पेरानं भिंत दोन ठिकाणी वाजवून बघितली, गवंडी वाजवतो तशी. "भिंत चांगली हाय," म्हणाले. गाठोडं ठेवलं आणि आल्या पावली एसटी धरायला निघाले. मी स्टँडपर्यंत मागं मागं गेलो. ते वाटेत त्यावर एक शब्द बोलले नाहीत… घरी गेल्यावरही नाही, नंतर कधीच नाही.

त्या संध्याकाळी मी उत्तमची कॉलर धरली. "माझ्या बापाला व्हय म्हणायला लावलंस तू!" तो कॉलर सोडवायलाही हलला नाही. "तुला आधी सांगितलं असतं, तर तू ही खोली घेतली असतीस?" "नसती घेतली!" "म्हणून नाय सांगितलं. तुला शिकायचं होतं का नाय, अशोक्या?" शेवटचा पेपर झाला त्या दुपारी मी ट्रंक उचलली. काकूंनी जिन्यात विचारलं, "सुट्टीनंतर येताय ना दोघं?" मी त्यांनाही काही सांगितलं नाही. मला वाटायचं, ते सांगायचं काम उत्तमचं आहे.

पुढं तो शाळेत मास्तर झाला, मी भंगारातून मशीनकडं गेलो आणि मशीनमधून पडेगावच्या रस्त्यालाच एक इमारत उभी केली. बाहेरगावच्या पोरांसाठी खोल्या, दोन खाटांच्या. तिथं माझा एक नियम आहे. प्रत्येक दारावर, बाहेरच्या बाजूनं, आत राहणाऱ्या दोघांची पूर्ण नावं ऑइलपेंटनं लिहायची. आडनावासकट. ज्याला चालत नाही त्यानं दुसरीकडं जावं. काही जण गेलेसुद्धा. उत्तमशी संबंध तुटले नव्हते. लग्नकार्यात भेटायचो, तो फोन करायचा. दर भेटीत मी एका शब्दाची वाट बघायचो. तो म्हणाला असता "चुकलं", तर मी तिथंच मिटवलं असतं. गेल्या वर्षी मी मुद्दाम त्याला इमारत बघायला बोलावलं. तो हात पाठीमागं बांधून, वर्गात फिरावं तसा, एकेक दार वाचत सगळा व्हरांडा चालला. शेवटच्या दारावरच्या नावाला त्यानं बोट लावलं, तर रंग ओला. "पेंटर चांगला हाय तुझा," म्हणाला आणि बोट चौकटीला पुसलं.

माझं डोकं फिरलं. "एवढंच? चुकलं म्हण की एकदा! काय जातं तुझं?"

तो दाराकडंच बघत म्हणाला, "चुकलं म्हटलं, तर ते वर्षच चुकलं म्हणावं लागंल, अशोक. ते नाय म्हणवत मला." मग माझ्याकडं न बघता पुढं म्हणाला, "तुझे वडील गेले तेव्हा मी आलो होतो. मागं उभा होतो. पुढं यायची हिंमत झाली नाय."

मी तेव्हा त्याला चहासुद्धा विचारला नाही. वाटलं, आता भाव हलायला लागलाय, अजून थोडा खाली येऊ दे. घाई कशाला करायची… अशा थांबण्यावर मी जन्मभर कमावलं आहे.

तेराव्याला त्याच्या गावी गेलो. मंडपात म्हातारी भावकी बसली होती. त्यातल्या एकानं माझ्याकडं हात करून विचारलं, "हे पाहुणे कोण?" मी घसा साफ केला. नाव, आडनाव, गाव, सगळं जिभेवर तयार होतं. कितीतरी वर्षं तयार होतं. तेवढ्यात उत्तमची बायको पदर सावरत म्हणाली, "हे ह्यांचे मावसभाऊ, शहरातले. ह्यांच्या तोंडात सारखं भावजींचंच नाव असायचं." तिला खरं माहीत होतं की नव्हतं, मला कळलं नाही. म्हातारा डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होता. तिचे डोळे सुजलेले होते, आणि हातात पाण्याचा पेला होता, माझ्यासाठी आणलेला.

"व्हय," मी म्हणालो आणि पाणी प्यालो.

आता नव्या वर्षाची पोरं यायला लागली आहेत. काल पेंटर जुनी नावं खरवडत शेवटच्या दारापाशी आला आणि त्यानं मला हाक मारली. चौकटीवर कुणीतरी बोट पुसल्याचा डाग आहे, कधीचा खराब दिसतोय, तोपण एका हातात मारून टाकतो म्हणाला. मी त्याला ओरडलो. तुला दाराचं काम दिलंय, दारच रंगव.