मिश्री लावणाऱ्या दोन विहिणी

"तोंड उघडा की बाई, मी काय दात मोजत न्हाय," असं मी म्हटलं, तेव्हा कुठं राधाबाईंनी पदर बाजूला केला. डावा गाल आतून पांढरा पडलेला, मधे खरबरीत जखम. महाराष्ट्र नुकताच झाला होता. उस्मानाबादच्या दवाखान्यात लेडी डॉक्टर मी एकटीच.

"मिश्री कुठल्या बाजूला धरता?"

"ह्याच. दुखतंय म्हणून आता लई वेळ धरते."

मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू. दात दुखला की बायका ती लावायच्या, मग गालात धरूनच कामं उरकायच्या. जखम झाली की तिच्यावरही मिश्रीच! डोकं फिरायचं माझं.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना, आमच्या साहेबांना, जखम दाखवली. ते म्हणाले, "तोंडाचा कॅन्सर पुरुषांचा. आपल्या दवाखान्याच्या वर्षाच्या रिपोर्टात शहरातली एक तरी बाई आहे का?" बायका दवाखान्याची पायरीच चढत नव्हत्या, तर रिपोर्टात कुठून येणार?

राधाबाईंना ऑपरेशनसाठी सोलापूरला पाठवायचं होतं. त्यांचे मालक शाळेत मास्तर. हात जोडून म्हणाले, "थोरलीचं जमलंय. मुलाकडं कळलं तर मोडंल. लग्न तेवढं होऊ द्या." तेव्हा लोक हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो असं समजायचे.

पुढच्याच आठवड्यात त्या मुलाची आई, गंगाबाई, माझ्यासमोर. तोंडात तशीच जखम, पण जुनी. मानेत टणक गाठ. म्हणाल्या, "मुलाचं मास्तरांच्या थोरलीशी जमलंय. मुलीकडच्यांना बोलू नका. सून घरात येऊ द्या, मग बघू."

एकीचं दुसरीला सांगणं माझ्या धंद्यात बसत नव्हतं. पण नुसतं तपासून तरी या, असं सांगून सोलापूरला जायला दोघींनाही मी एकच मंगळवार दिला.

तिथं बाकावर दोघींची भेट झाली. राधाबाईंनी नंतर सांगितलं, "मी म्हणलं, दाढ दुखतीया. त्या म्हणल्या, माझीबी. मग एकमेकींचा गाल बघून दोघीबी रडत बसलो."

लग्न मोडलं नाही. राधाबाईंचा गाल थोडा कापावा लागला, पण त्या वाचल्या. गंगाबाईंना फार उशीर झाला होता. ज्या लग्नासाठी दुखणं लपवलं, ते बघायला त्या राहिल्या नाहीत. मला अजून वाईट वाटतं.

राधाबाई मात्र मिश्रीनं काय झालं ते गल्लीभर सांगत सुटल्या. बायका आपणहून तोंड दाखवायला येऊ लागल्या. नवा रिपोर्ट बघून साहेब चपापले. "शहरातल्या बायकांत रोग एकदम वाढला की हो."

"रोग होता तेवढाच आहे, सर," मी म्हटलं. "बायका आता यायला लागल्यात."