जागा मी धरते, तुम्ही जा

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की चिखलदऱ्याच्या एकाही फोटोत आजी कशी नाही? आजोबा शेजारीच बसले होते. त्यांना काही ऐकू आलं नसतं, तरी मी "स्वयंपाक करत होते रे" म्हणून विषय बदलला. स्वयंपाक वगैरे काही नव्हतं. मी जागा धरून बसले होते.

जागा धरणं मला लहानपणापासून येतं. अकोल्याच्या स्टँडवर एसटी शिरली, की माझे वडील मला उचलून खिडकीशी धरत आणि मी आत रुमाल टाकत असे. रुमाल पडला की सीट आपली. त्यावर कुणी बसलंच, तर अख्खी गाडी आपल्या बाजूनं भांडायची. पुढे इंग्रजी शाळा झाली, कॉलेज झालं, अमरावतीला मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण रुमाल टाकणारी ती मुलगी काही माझ्यातून गेली नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासरची मंडळी एसटीनं चिखलदऱ्याला गेली. सगळ्यांना पंचबोल बघायचं होतं. कॉफीच्या बागांपलीकडे दरीच्या काठावरची ती जागा. तिथून हाक मारली, की समोरच्या डोंगरांवरून ती पाच वेळा परत येते असं म्हणतात. पण सामानाजवळ कुणीतरी बसायला हवं होतं आणि मी नवी सून. "तुम्ही जा, मी बसते," म्हणाले. परत आल्यावर आजोबा हळूच म्हणाले, "तुयासाठी हाक मारली मी तिथं. पुढच्या टायमाले तूच चाल."

आजोबा मला नावानं हाक मारत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांची हाक म्हणजे "अवं, आयकलं का?" शेतकी खात्यात नोकरी करून गावोगाव फिरले, पण बोली बदलली नाही. मी शुद्ध बोलायची आणि ते मुद्दाम जास्तच वऱ्हाडी बोलायचे. दरीत त्यांनी हेच ओरडलं होतं. माझ्या नणंदा महिनाभर "आयकलं का, आयकलं का" करून मला चिडवत होत्या.

तो पुढचा टाइम यायला फार वर्षं लागली. नोकऱ्या, तुमच्या आईचं शिक्षण, माझ्या सासूबाईंचं आजारपण. निवृत्तीनंतर आजोबांनी शाळेची एक जुनी व्हॅन घेतली. मागचे बाक काढून फळ्यांचा पलंग केला, खाली डबे ठेवायचे कप्पे केले. पडदे मी शिवले, पिवळे, बारीक फुलांचे. "आता हॉटेलची कटकट नाई, आपलं घर आपल्यासंग," असं ते सगळ्या कॉलनीला सांगत फिरले.

चिखलदऱ्याला एका कॉफीवाल्यानं आपल्या शेताच्या कडेला गाड्या लावायला जागा केली होती. सपाट जागा थोड्याच होत्या. त्यातली आंब्याखालची सगळ्यात चांगली: नळ जवळ, सकाळचं ऊन समोर. बुकिंग नव्हतं. ज्याची गाडी उभी, त्याची जागा, एवढाच नियम. आणि तिथंच सगळा घोळ होता. आमचं घर आणि आमची गाडी एकच. दूध आणायला गेलो तरी घर उठून जायचं.

पहिल्या खेपेला आम्ही त्यावर तोड काढली. निघताना दोन खुर्च्या ठेवल्या, मी पुढे रांगोळी घातली, आणि आंब्याला दोरी बांधून सासूबाईंचं जुनं नऊवारी वाळत घातलं. आजोबा खूश झाले. "हा पाय, आपला सातबारा. लुगड्यावर कब्जा करनारा पैदा नाई झाला अजून."

बाजारातून परत आलो, तर आंब्याखाली नागपूरची एक मोठी गाडी. आमच्या खुर्च्या एकावर एक ठेवून बाजूला, आणि लुगडं दुसऱ्या झाडाला नीट, चिमटे लावून. गाडीवाला चहा पीत होता.

"जागा आमची आहे जी," आजोबा म्हणाले.

"गाडी नव्हती ना काका."

"लुगडं होतं ना!"

"लुगडं त वाळत होतं. ते आम्ही वाळू देलं."

आजोबांना हसू आलं आणि भांडण तिथंच संपलं. पण त्या रात्री आम्ही उतारावर झोपलो, चाकाखाली दगड लावून, आणि रात्रभर ते माझ्या अंगावर घरंगळत होते. सकाळी त्यांची पाठ धरली होती. मी मनात ठरवलं, यापुढे जागा सोडायची नाही. त्या खेपेला पंचबोल राहिलं, कारण त्यांच्यानं बसवत नव्हतं.

मग तुम्ही आलात, नाताळच्या सुटीत. तुमची आई अकोल्याला तिच्या मावशीकडे राहिली आणि तुम्हा दोघांना घेऊन आम्ही वर गेलो. पहाटेच निघालो होतो, म्हणून आंब्याखालची जागा मिळाली. वाटेत रबडी खाल्ली होती, आठवतं? धाकट्यानं वाटी चाटली म्हणून मी रागावले होते.

दुपारी आजोबा म्हणाले, "चला, पंचबोल. अवं, चाल, शाल घे."

"जागा मी धरते, तुम्ही जा," मी म्हणाले.

"कावून? जागा पळून थोडीच जाते."

"मागच्या वेळी गेली होती. मुलं उतारावर झोपतील का?"

"झोपतीन. लेकरायले काय होते?"

आमच्या शेजारी बाळापूरचं एक कुटुंब उतरलं होतं. तंबूपुढे त्यांनी त्यांच्याकडची मोठी सतरंजी अंथरली होती आणि त्यावर त्यांची म्हातारी खाला, म्हणजे मावशी, वाटाणे सोलत होती. तिनं हे सगळं ऐकलं. "आपा, तुमी जा ना," ती म्हणाली. "आमी कुटं जाऊन राहिलो? कोनी आलं त सांगतो, इथं मास्तरीनबाई राह्यतात. खुर्चीवर मीच बसतो पाहिजे तर."

"कशाला तुम्हाला त्रास," मी म्हणाले.

"तरास काहाचा? बसायचंच हाये. इथं बसलं का तिथं बसलं."

तिच्यावर अविश्वास होता असं नाही. मला दुसऱ्याच्या हाती काम देता येत नाही, एवढंच. वर्गातसुद्धा फळा मीच पुसत असे. आजोबा थोडा वेळ गाडीचं दार धरून उभे राहिले. मग म्हणाले, "बरं. तुले सांगून कोन जिंकलं," आणि दार लावलं. तुम्ही मागच्या काचेतून हात हलवलात. पिवळा पडदा तुमच्या डोक्यावर आला होता.

तुम्ही गेल्यावर मी त्या खुर्चीवर बसून होते. एक पांढरी गाडी आली, तिला सांगितलं, आमची व्हॅन येतेच आहे. दुसरी आली, तिलाही तेच. खालानं मला मूठभर वाटाणे आणून दिले आणि म्हणाली, "तुमचे साहेब वाट पाहून गेले, आपा." अंधार पडायच्या आत तुम्ही आलात, गाडीतून उड्या मारत. "आजी, आजोबांनी तुला हाक मारली! तू ऐकलीस का?" इतक्या लांबून कशी ऐकणार मी? जागा मात्र आपलीच होती. सपाट, नळाजवळ. तुम्ही दोघंही शांत झोपलात.

सकाळी जाऊ असं ठरलं होतं. पण सकाळी धुकं इतकं, की खालाचा तंबू दिसेना. तुमची आई अकोल्याला वाट पाहत होती, संध्याकाळची गाडी होती, आणि घाट धुक्यात उतरायचा होता. आजोबा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या साली." मीही म्हणाले, पुढच्या वर्षी.

त्या उन्हाळ्यातच त्यांचे कान जायला लागले. आधी डावा, मग तापानंतर उजवाही. मशीन आणलं, ते त्यांना आवडत नाही. "याच्यातून नुसता पंखाच आयकू येते." मागून वाजवलेला हॉर्न ऐकू येईना, तेव्हा डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं. व्हॅन एकाला विकली. तो आता नांदगाव पेठेच्या कारखान्यांत कामगार नेतो. कधी कधी ती बायपासला दिसते, अजून माझेच पडदे आहेत. आजोबा मान वळवून ती जाईपर्यंत बघतात. आता घरात मीच "अहो, ऐकलंत का" म्हणत या खोलीतून त्या खोलीत जाते.

तुम्हा दोघांतल्या ताईनं त्या दिवशी पंचबोलला घेतलेला व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. त्यात आजोबा कठड्याशी उभे आहेत, टोपी काढून. "अवं, आयकलं का?" ते ओरडतात, आणि ते परत येतं. पुन्हा येतं. तिसऱ्यांदा येतं, आणि धाकट्याच्या हसण्यावर तो संपतो. चौथी आणि पाचवी हाक त्यात नाही. मी तो फार वेळा लावते. आजोबांना वाटतं मी बातम्या बघते.

या हिवाळ्यात शेवटी आम्ही दोघं गेलो. टॅक्सी केली, डबा घेतला, मुक्काम नाही. पंचबोलला ही गर्दी! एका सहलीची मुलं एकमेकांची नावं ओरडत होती, कुणाचा तरी स्पीकर चालू होता. आजोबा कठड्यापर्यंत गेले, टोपी काढली, माझ्याकडे एकदा पाहून घेतलं आणि ओरडले. मी हातभर अंतरावर उभी. आपला आवाज किती मोठा झाला हे त्यांना कळलं नसावं, आजूबाजूची माणसं वळून हसली. मी कान देऊन उभी राहिले. एक हाक आली, अगदी पुसट. मग सहलीच्या मुलांनी एकदम गलका केला आणि दरीतून त्यांचीच नावं परत येत राहिली.

आजोबा दरीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. भुवया उचलून त्यांनी विचारलं, किती?

मी पाचही बोटं वर केली.

"मंग?" ते म्हणाले. "म्हनलं होतं ना तुले." टोपी घातली आणि खूप वेळ ते तसेच कठड्याला टेकून उभे राहिले, समाधानानं.

तेवढ्यात टॅक्सीवाला धावत आला. "मावशी, आपल्या गाडीच्या जागेसाठी मागचे भांडून राहिले. काकांले म्हना निघा, नाई त जागा सोडा लागन."

"सोड ना मग," मी म्हणाले. "देऊन टाक त्यांना. गाडी खाली कुठे तरी लाव, आम्ही चालत येतो."

उतारावर त्यांनी माझा हात धरला होता. दोनदा त्यांनी मला विचारलं की पाचवी कशी आली, मोठी का बारीक, आणि मी दोन्ही वेळा हातानं खूण केली, बारीक. मला ठाऊक नाही. तुम्ही दोघं तिथं होतात. व्हिडिओ बंद झाल्यानंतरच्या त्या दोन हाका तुम्ही ऐकल्या आहेत. शेवटची खरंच बारीक होती का, आणि तिच्यात "अवं" होतं का नुसतंच "का", ते मला नीट आठवून कळवा.