पाटीवरचं तारकर्ली

मी जन्मायच्या आधी बाबांच्या रापणीत मासळीचा ढीग पडायचा, असं आई सांगते. मला आठवतं ते रिकामं जाळं. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही बाजूंनी ओढायचं लांबलचक जाळं. यांत्रिक बोटी समुद्र खरवडून गेल्यावर त्यात येणार काय? दोरीला हात लावील त्याला वाटा, वाटसरूनं ओढलं तर त्यालाही, हा आमचा रिवाज. पण वाटायलाच काही नसलं की नुसत्या पेजेवर निजायचं. हे सांगायची मला लाज नाही. त्याच घरातून मी बीकॉम झाले. आमच्या कुळात पहिली.

नोकरीसाठी मुंबईला गेले नाही. माडांखाली पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. आई रांधायची, बाबा पाहुण्यांना रापण दाखवायचे. पाटी मीच रंगवली, 'तारकर्ली घरगुती निवास'. घर तारकर्लीत, मग दुसरं लिहिणार काय?

दिवाळी तोंडावर आली आणि फोन वाजेनासा झाला. बुकिंगच्या साइटवर पाहिलं तर आमचं पानच नाही. मागोमाग वकिलाची नोटीस. 'तारकर्ली' हा शब्द एका कंपनीनं हॉटेलच्या धंद्यासाठी आपला ट्रेडमार्क म्हणून नोंदवला होता. पाटी उतरवा, नाहीतर कोर्टात या. मी वाचून दाखवलं. जाळं शिवणारा बाबांचा हात थांबला.

"गाव आमचो आणि नाव तेंचा? ह्या कसा गो?"

मी नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

खरी भीती पुढे वाटली. नोटीस आली होती फक्त आम्हाला, पण बघता बघता रस्त्यावरच्या एकेक पाटीवर चुना दिसू लागला. कुणी सांगितलेलं नव्हतं. शेजारच्या काकांनी टपरीवरचं गावाचं नाव खरवडून काढलं. 'चहा' तेवढा उरला. पर्यटक तारकर्लीत गाडी थांबवून तारकर्ली कुठे म्हणून विचारायचे, आणि माणसं नुसता हात दाखवायची.

"काका, तुमका कोणी सांगल्यान पुसूक?"

"सांगूची वाट कित्याक बघू? तू शिकलंस, तू इंग्रजीत भांड. माका चाय विकूची आसा."

एका दुपारी कंपनीचा माणूस आला. आईनं दिलेली सोलकढी त्यानं चवीनं संपवली आणि कागद पुढे केला.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. नाव आमचं आहे एवढं मान्य करा. तुमची पाटी राहील, साइटवर पान परत येईल. बाकीच्यांचं आम्ही बघून घेऊ."

शेवटचं वाक्य तो हसत बोलला. खोल्या ओस पडल्या होत्या.

"कर गो सही," आई म्हणाली. "आपली पाटी तरी रव्हात."

बाबा दारापुढच्या खळ्यातूनच बोलले, "दोरयेक सगळ्यांचे हात आणि वाटो एकट्यान घेवचो? उद्या काकाची टपरी उठवतले, ती आमच्या सहीयेन. मगे मी तोंड खंय दाखवू?"

मी कागद परत दिला. जाताना तो म्हणाला, "विचार करा. पुढच्या वेळी मी येणार नाही, समन्स येईल."

रापणीला माणसं हवी असली की बाबा वाडीतून हाक देत जातात. त्या संध्याकाळी तशीच हाक देत गेले. माणसं खळ्यात येऊन बसली. सगळ्यांच्या सह्यांनी नोटिशीला एकच उत्तर धाडू, असं मी म्हटलं. काका उठले.

"लिव माझा नाव. पण पुसलेल्या पाटयेच्या रंगाचे पैशे कोण देतलो?"

हसू फुटलं, आणि सह्या सुरू झाल्या. कुडाळच्या एका वकीलबाईंनी सगळ्या घरांच्या वतीनं एकच उत्तर धाडलं: आपण कुठे राहतो हे सांगायला गावाचं नाव लिहिण्यापासून गावाला कुणी अडवू शकत नाही.

मग नुसती वाट बघणं. अनोळखी गाडी दारात थांबली की आईच्या हातातला वडा थापायचा राहायचा. समन्स आलं, तारखा पडल्या. पावसाळा सरून गेला.

शेवटी कंपनीनं दावा मागे घेतला. गावातल्या कुठल्याही घराला, दुकानाला गावाचं नाव लिहिता येईल, हे तिनं कोर्टात लेखी दिलं. साइटवर आमचं पान परत आलं.

तो ट्रेडमार्क अजून कंपनीच्याच नावावर आहे. तो रद्द करण्याचा आमचा अर्ज चालू आहे. काकांनी टपरी नव्यानं रंगवली. आमच्या दारावर 'तारकर्ली घरगुती निवास' हीच पाटी आहे, आणि तिच्यासाठी आम्ही कुणाला सही दिलेली नाही.