बाळंतीण नसलेल्या घरातली गरम खोली

मागणी पहिल्या ओळीत लिहायची, हे मी पत्रकं लिहिता लिहिता शिकले. तर मागणी अशी: माझ्या आईला एक गरम खोली हवी होती. बाळंत न होता.

शेवटचे शब्द का, ते पुढे कळेल.

आईचा उजवा खांदा आखडला होता. वेणी घालता येईना, ब्लाउजची बाही चढवताना तोंडातून आवाज निघायचा. गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार बाबांनी तिच्यासाठी छातीपर्यंत खाली आणली आणि विषय संपवला. बाईचा हात वर जात नाही ना, मग तार खाली घ्या. आपल्याकडे बायकांचे बहुतेक प्रश्न असेच सोडवले जातात.

फिजिओथेरपिस्टबाई म्हणाल्या, आधी शेका, मग हळूहळू हलवा, उबेत खांदा ऐकतो. इंदूरला एका ठिकाणी मी हॉट योगा पाहिला होता. बंद काचांची तापवलेली खोली, आत घामाने निथळणाऱ्या बायका. फी ऐकून घाम तिथेच सुटला. घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "मे महिन्यात अख्खं देवास फुकटात हॉट योगा करतं. थांबा थोडं."

जानेवारी चालू होता. थांबा, हा शब्द मी निवेदनं घेऊन धार जिल्ह्यात नालछ्यापासून डहीपर्यंत प्रत्येक सरकारी टेबलासमोर ऐकलाय. घरी ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

गच्चीवर एक खोली आहे. तिच्यात हिवाळाभर कूलर झोपलेला असतो. तो जिन्याखाली हलवला. भंगारवाल्याकडून फ्रिजच्या खोक्यांतलं थर्माकोल आणलं, खिडकीत बसवलं, त्यावर जुनी रजाई ठोकली. आई म्हणाली, "माळ्यावर शेगडी आहे, कोळसे पेटवू." मी साफ नाही म्हटलं. बंद खोलीत कोळसा म्हणजे सकाळी दोघींना उचलूनच न्यायचं. एका मैत्रिणीकडून तिचा पडून असलेला रॉडचा हीटर आणला. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने तो तपासला आणि वरचा बोर्ड बघून कपाळाला हात लावला.

"दीदी, इस पे हीटर चलाओगे तो पूरे घर की बत्ती गुल. नीचे से अलग लाइन खींचनी पड़ेगी."

"तो खींचो ना भिया."

"पर छत पे हीटर? करोगे क्या?"

"पसीना निकालेंगे."

"अपने यहाँ तो लोग पसीना सुखाने के पैसे देते हैं," असं म्हणत त्याने वायर ओढली.

रबरी मॅटवर घामाने पाय घसरायचा, म्हणून वर सुती सतरंजी. दाराखाली हवेसाठी फट मुद्दाम ठेवलेली. वाफेसाठी पातेलंभर उकळतं पाणी. तिथे आईने स्वतःची भर घातली. "नुसत्या पाण्याची कसली वाफ?" म्हणून तिने त्यात ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या.

आई घालायची माझा मोर्च्यातला टी-शर्ट. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'चुप नहीं रहेंगे'. जन्मात साडीशिवाय काही न घातलेली बाई. तो टी-शर्ट ती त्या खोलीतच चढवायची, तिथेच धुऊन हीटरसमोर वाळवायची. भिंतीवर बोटं टेकवून हात वर वर चालवायचा, जिथे थांबेल तिथे मी पेन्सिलीने खूण करायची. खुणा वर सरकत होत्या. एका सकाळी तिने स्वतःच्या हाताने वेणी घातली. वाकडी, पण स्वतःची.

तेवढ्यात गल्लीने आपला वेगळाच शोध लावला.

गल्लीला काय दिसत होतं? रजाईने बुजवलेली खिडकी. उकळतं पाणी घेऊन वर जाणारी आई. ओव्या-बाळंतशेपांचा कोपऱ्यापर्यंत जाणारा वास. आणि घरात लग्न न झालेली एक मुलगी, थंडीभर ढगळ स्वेटरात फिरणारी. मराठी घरात एवढा शेक एकाच बाईला मिळतो, तोही सव्वा महिना. बाकी आयुष्यभर तिने सगळ्यांना गरम वाढायचं.

बातमी धारला आत्याकडे पोचली. बाबांची ही थोरली बहीण, जुन्या दरबारी घरात दिलेली. ती फोन करत बसली नाही. थेट आली, अळिवाच्या लाडवांचा डबा घेऊन, आणि कुणाशी न बोलता जिना चढली. दार ढकललं तेव्हा मी उताणी पडले होते आणि आई भिंतीला हात लावून उभी होती.

"कुठाय?" आत्याने विचारलं.

"कोण?"

"वेड पांघरू नकोस. मूल कुठाय?"

आईला हसू आवरेना. मला मात्र राग आला होता.

"मूल नाहीये, आत्या. आई आहे आणि मी आहे."

"मग एवढा शेक कुणाला?"

"आईला. खांदा धरलाय तिचा."

"खांद्यासाठी का कोणी बाळंतिणीची खोली देतं?"

"कोणी देत नाही. म्हणून घेतली."

नातू नाही हे ऐकून बाबांनी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. ते म्हणाले, "आजच्या आज ती रजाई काढा. खिडकी सताड उघडी दिसली पाहिजे. लोक काय बोलतायत कळतंय का?"

आईने मान खाली घातली. रजाई मी काढली नाही, पण आईने हीटर लावणं सोडलं. आत्या मुक्कामालाच राहिली. काही दिवसांतच खांदा पुन्हा आवळला. जुन्या खुणेपर्यंत हात पोचेना. वेणी पुन्हा माझ्याकडे आली.

मग मी मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं, हिंदीत, कारण आमच्या गल्लीतली मराठी पोरंही मराठी वाचताना अडखळतात. 'इस घर में कोई जच्चा नहीं है. एक कंधा है, जिसे गरमी चाहिए.' फाटकावर डकवायला निघाले, तर आईने कागद हातातून घेतला, वाचला आणि घडी केली.

"खुलासा कसला द्यायचा? आपण केलंय काय?"

"मग गप्प बसायचं?"

"गप्प बस असं कुठे म्हटलं? हीटर लाव."

बाबा जिन्याच्या तोंडाशीच होते. "अगं, पण लोक..."

"लोकांना सांगा, मीच बाळंत झालेय," आई चढता चढता म्हणाली. "या वयात. लाडू आलेतच, वाटून टाका."

आत्या खुर्चीवर बसल्या बसल्या गदगदून हसली.

घाम गाळून झाल्यावर आईने टी-शर्ट धुतला, पण हीटरसमोर ठेवला नाही. बाहेर आली आणि मला म्हणाली, "ती तार वरच्या खिळ्याला लाव." मी लावली. तिने उजव्या हाताने टी-शर्ट उचलला. हात कानापर्यंत गेला, तिथे अडला. ती टाचा उंचावून उभी राहिली, ओठ दाबले, आणि तारेवर कापड टाकलं. टी-शर्टची पाठ रस्त्याकडे, अक्षरं रस्त्याकडे. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईने मान वर केली.

"निदान उलटा तरी घाल गं तो," उन्हात येऊन बसलेली आत्या म्हणाली.

"सुलटाच राहू दे," आई म्हणाली, आणि चिमट्यासाठी माझ्यापुढे हात केला.