घोडीचा हिरवा वाफा

आमच्या घोडीची लीद महिनोन्‌महिने पातळ होती आणि मला त्या लिदीत डोकावायचा नाद लागला होता. आदिलाबाद स्टेशनवर बाबांचा टांगा असायचा. घोडीच्या फासळ्या दिसायला लागल्या तसे बाकीचे टांगेवाले बाबांना म्हणू लागले, "सोडून दे तिले जंगलाकडं. रस्त्यात पडंल एखाद्या दिवशी." बाबा ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत.

आईनं बाभळीच्या सालीचा काढा पाजला, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. एका सकाळी मला लिदीत बारीक लालसर दोरे वळवळताना दिसले.

"काऊन पोरी, काय शोधून राह्यली तिथं?" बाबा खेकसले.

मी एक दोरा काडीवर उचलून त्यांच्या नाकासमोर धरला. त्याच दिवशी आम्ही तिघं घोडीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलत होते. त्यांनी लीद पाण्यात कालवून काचेवर घेतली आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. लांबट, पारदर्शक अंडी! मी डोळा काढेचना, शेवटी बाबांनी मागं ओढलं. जंतांनी आतडं पोखरलंय म्हणून लीद पातळ, असं डॉक्टर म्हणाले. औषध पाजून त्यांनी विचारलं, "घास किधर से लाते?"

"घरकाच है," आई ताठ मानेनं म्हणाली. लीद वाया घालवणं तिला पाप वाटे. रोजची ताजी लीद ती अंगणातल्या गवताच्या वाफ्यात पसरायची, सांडपाणी सोडायची आणि ते लुसलुशीत गवत स्वतःच्या हातानं घोडीला चारायची.

डॉक्टरांनी समजावलं. लिदीतली अंडी वाफ्यात पडतात, ओलीत त्यांच्या अळ्या होतात, अळ्या पात्यावर चढतात आणि गवताबरोबर पुन्हा पोटात जातात. मला हे इतकं भारी वाटलं की टाळी वाजवायचीच बाकी होती. मग मी आईकडे पाहिलं.

"म्हंजे म्याच चारले का तिले हे जंत?" ती म्हणाली.

घरी येताच तिनं अख्खा वाफा उपटला. घोडी वाचेलच असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. आई तिच्या जवळही जाईना. बाबाच कडबा घालायचे.

बऱ्याच दिवसांनी बाबांनी आम्हा दोघींना ओरडून घोडीच्या छपरीत बोलावलं. लिदीचे घट्ट, गोल गोळे पडले होते. आईनं एक उचलून दाबून पाहिला आणि घोडीच्या पायाशी बसून हमसाहमशी रडली.

बाबांनी दाण्याची टोपली आईपुढं ठेवली. "ऊठ आता. तूच चार तिले."